लाल कोळ्यावर मित्रकोळी सोडायचे? आधी डिसेंबरची फवारणीची वही काढा

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न इतरांनाही नीट कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. जावळी तालुक्यात एक एकर स्ट्रॉबेरी, विंटर डॉन जात, सप्टेंबरअखेरची लागवड, मल्चिंग आणि ठिबक. डिसेंबरात फुलकिड्यांसाठी लॅम्डा सायहॅलोथ्रीनचे दोन फवारे झाले, मध्ये एकदा इमिडाक्लोप्रिड. जानेवारी संपता संपता लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, दिसला. मग अबामेक्टिन, प्रोपरगाइट, फेनपायरॉक्झिमेट आणि पुन्हा अबामेक्टिन अशा चार फवारण्या केल्या, तरी आज फेब्रुवारीच्या शेवटी पानांवर जाळी आहे. दुकानदाराने पाचवं औषध सुचवलंय. तुम्ही विचारताय, मित्रकोळी, म्हणजे लाल कोळ्याला खाणारे परभक्षी कोळी, कुठे मिळतील, एकरी किती सोडायचे, आणि ते सोडल्यावर फवारणी कायमची बंद होईल का.

तिन्हींची उत्तरं देतो. पण माझ्या मते त्याआधी एक चौथा प्रश्न आहे, आणि तो सुटल्याशिवाय बाकीच्या तिन्हींचा उपयोग नाही. तुमच्या रानात आधीपासून असलेले मित्रकोळी गेले कुठे? वाई-पाचगणी-भिलार पट्ट्यात स्ट्रॉबेरी आणि पॉलिहाऊसमध्ये, तसंच हंगामात तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत मी कीडनियंत्रणाचं काम करत आलोय. ज्या रानात फवारा कमी, तिथे भिंगाखाली पान धरलं की परभक्षी कोळी बहुतेक वेळा सापडतातच. ते कोणी सोडलेले नसतात. बांधावरच्या एरंडावरून, शेजारच्या वांग्यावरून, घेवड्यावरून ते आपोआप येतात. तुमच्याकडेही आले असणार. डिसेंबरच्या लॅम्डाने ते मेले आणि लाल कोळ्याला रान मोकळं मिळालं.

हा नुसता अंदाज नाही. लॅम्डा, सायपरमेथ्रीन, बायफेनथ्रीन या गटातली औषधं परभक्षी कोळ्यांना फार घातक असतात, आणि पानावर राहिलेला त्यांचा अंश आठ ते बारा आठवडे त्यांना जगू देत नाही. लाल कोळी मात्र त्यातून बराच तगतो. इमिडाक्लोप्रिडनंतर कोळी उसळल्याच्या नोंदीही वेगवेगळ्या पिकांत आहेत. तशी ही गोष्ट जुनी आहे. डीडीटी येण्याआधी लाल कोळी बहुतेक पिकांत किरकोळ कीड होती. १९४० च्या दशकानंतर नव्या कीटकनाशकांनी तिचे शत्रू मारले आणि ती मोठी कीड झाली. तुमच्या एका एकरात त्याचीच छोटी आवृत्ती घडली आहे.

आता चार फवारण्या करूनही तो का मेला नाही, ते पाहू. स्ट्रॉबेरीवर आपण ज्याला लाल कोळी म्हणतो तो बहुतेक वेळा दोन ठिपक्यांचा कोळी असतो. ३० अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढलेला कोळी व्हायला त्याला सात-आठ दिवस पुरतात. २० अंशाला दोन आठवड्यांहून जास्त लागतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तो दबून राहतो आणि फेब्रुवारीत ऊन तापलं, हवा कोरडी झाली की अंगावर येतो. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. नराशी मिलन झालं नाही तरी तिच्या अंड्यांतून नर निघतातच, त्यामुळे एकटी मादीसुद्धा नवी वसाहत सुरू करू शकते. या नरांत गुणसूत्रांचा एकच संच असतो. एखाद्या नरात औषध सोसण्याचा गुण असला तर तो झाकून राहत नाही, लगेच निवडला जातो आणि झपाट्याने पसरतो. जगभर मिळून या किडीने ९० हून अधिक औषधी घटकांना प्रतिकार दाखवला आहे. त्यातच तो पानाच्या खालच्या बाजूला, जाळीच्या आत बसतो. पंपाचा फवारा वरून गेला की अंड्यांपर्यंत तो पोचतच नाही. पाचवं औषधही याच वाटेने जाईल, आणि मध्ये कुठून मित्रकोळी आलेच असतील तर तेही मरतील.

आणि दादा, तुमचा तोडा चालू आहे. स्ट्रॉबेरी कोणी सोलून खात नाही. रस्त्याकडेच्या टपरीवर पोरं पाटीतून उचलून तशीच तोंडात टाकतात. दर दोन-तीन दिवसांनी माल निघत असताना कुठल्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि तोडा यांत सोडायचे दिवस, पाळला जाणार? फवारणी कमी करायचं हे कारण मला मित्रकोळ्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मित्रकोळी ओळखायचे कसे, हे शिकून घ्या. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि सकाळी पान उलटं करून बघा. लाल कोळी गोलसर, सुस्त, अंगावर दोन गडद डाग असलेला आणि जाळीत घोळक्याने बसलेला दिसतो. त्याची अंडी मण्यासारखी गोल असतात. मित्रकोळी जवळपास तेवढाच, अर्ध्या मिलिमीटरचा, पण पेरूच्या फळासारखा एका बाजूला निमुळता, चकचकीत आणि लांब पायांचा असतो. नजर सर्वात आधी त्याच्या धावण्यावर जाते. उजेड पडला की तो पळतो आणि मधल्या शिरेच्या आडोशाला शिरतो. त्याची अंडी लांबट आणि लाल कोळ्याच्या अंड्यांपेक्षा मोठी असतात, बऱ्याचदा शिरेजवळ दिसतात. रंगावर विसंबू नका. लाल कोळी खाल्ला की फिकट मित्रकोळीही लालसर दिसू लागतो.

या मित्रकोळ्यांना डोळे नसतात, ते वासावर चालतात. कोळ्याने चावलेलं पान एक वेगळा वास सोडतं आणि परभक्षी त्या वासाच्या दिशेने येतो. हे १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या जातीच्या रोपांवर दाखवून दिलं. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की सोडलेला मित्रकोळी एकरभर हातानं वाटत बसायची गरज नाही. प्रादुर्भावाच्या जागी आणि तिच्या आजूबाजूला सोडले तरी ते शोध घेतात. मल्चिंगवर मात्र एका रोपाचं पान शेजारच्या पानाला टेकलेलं असलं पाहिजे, नाहीतर तापलेल्या प्लास्टिकवरून चालत जाणं त्यांना अवघड होतं.

आता जात कुठली? इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे, म्हणून सरसकट उत्तर देत नाही. जगात सर्वात प्रसिद्ध म्हणजे फायटोसियुलस पर्सिमिलिस. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर तो योगायोगाने सापडला आणि युरोपातल्या काचघरांतलं कोळीनियंत्रण त्याने बदलून टाकलं. तो फक्त जाळी करणारे कोळीच खातो. पूर्ण वाढलेली मादी दिवसाला पाचेक मोठे कोळी किंवा वीसेक अंडी संपवते. २० अंशाला साधारण नऊ दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते, म्हणजे लाल कोळ्याच्या बरीच आधी. पण हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली गेली की त्याची अंडी नीट फुटत नाहीत आणि ३० अंशांच्या पुढे तो ढेपाळतो. पाचगणीच्या पठारावर जानेवारीत त्याला मानवेल, वाईच्या खोऱ्यात मार्चमध्ये नाही. शिवाय परदेशी जातीचे कीटकशत्रू सरकारी परवानगीशिवाय देशात आणता येत नाहीत. त्यामुळे कोणी ‘इंपोर्टेड मित्रकोळी’ म्हणून बाटली पुढे केली तर आधी कागद मागा.

नियोसियुलस कॅलिफोर्निकस ऊन आणि कोरडी हवा जास्त सोसतो, कोळी नसले तर परागकणांवरही दिवस काढतो. पण आपल्यासाठी माझी पसंती नियोसियुलस लॉंजिस्पिनोसस या जातीला आहे. ही भारतात सगळीकडे सापडते आणि इथल्या हवेला सरावलेली आहे. जाळीत शिरून लाल कोळी खाते. तुमच्या बांधावर बहुधा हीच किंवा हिची एखादी चुलत बहीण फिरत असेल. पांढरी माशी आणि फुलकिड्यांसाठी परदेशात वापरला जाणारा स्विर्स्की कोळी वेगळा. जाळी केलेल्या लाल कोळ्यासाठी त्याच्या मागे लागू नका.

संख्येबद्दल. लागण नुकतीच सुरू असेल तर चौरस मीटरला पाचच्या आसपास हा नेहमीचा हिशोब. एकर म्हणजे जवळपास ४,००० चौरस मीटर, म्हणजे वीस हजार मित्रकोळी. तुमची रोपंही साधारण तेवढीच असतील, म्हणजे रोपाला एक. जिथे जाळी दिसते त्या जागी याच्या चार-पाचपट लागतात. पण खरं गणित एकरी आकड्याचं नसून दोघांच्या प्रमाणाचं आहे. एका पानावर दोन-चार कोळी असताना एक मित्रकोळी पुरे पडतो. त्याच पानावर दोनशे झाले की वीस सोडूनही पान वाचत नाही, कारण ते खाईपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून तुमच्या आजच्या अवस्थेत थेट मित्रकोळी आणून ओतू नका, पैसे जातील.

आज काय करायचं ते सांगतो. पहिले दोन दिवस काहीही मारू नका. रानाच्या पाच ठिकाणांहून दहा-दहा पानं घ्या, खालच्या जुन्या पानांपेक्षा मधली पूर्ण उघडलेली घ्या आणि भिंगाखाली बघा. रस्त्याकडची बाजू वेगळी मोजा. धुळीच्या रस्त्यालगत कोळी नेहमी आधी आणि जास्त असतो. कोळी असलेल्या दर तीन-चार पानांमागे एका पानावर तरी मित्रकोळी धावताना दिसला आणि जाळी थोडीच असेल तर थांबा, चार दिवसांनी पुन्हा मोजा. या टप्प्यावर फवारा न मारणं हेच काम आहे, आणि ते शेतकऱ्याला सर्वात जड जातं हे मला माहीत आहे.

तुमच्या वर्णनावरून मात्र मित्रकोळी सापडणार नाहीत असं वाटतं. तसं झालं तर आधी लाल कोळ्याची संख्या खाली आणायची, पण पानावर विष न ठेवता. जाळी धरलेली जुनी पानं काढा, पोत्यात भरून रानाबाहेर न्या, बांधावर टाकू नका. मग तेल किंवा पोटॅश साबण यासारखं, अंगावर पडलं तरच मारणारं आणि वाळलं की संपणारं उत्पादन घ्या. स्ट्रॉबेरीवर वापरायची नोंदणी लेबलवर आहे का ते तपासा. तोडा झाल्यावर, उन्हं उतरताना, नोझल खालून वर धरून पानाची खालची बाजू भिजेल असं मारा. आधी चार-पाच रोपांवर मारून दोन दिवस थांबा, पान करपत नाही ना पाहा. भुरीसाठी गंधक मारलं असेल तर त्यानंतर दोन-तीन आठवडे तेल नको, पानं भाजतात. हा फवारा मित्रकोळ्यांनाही लागतो, पण त्याचा अंश मागे राहत नाही, म्हणून पाच-सहा दिवसांनी ते सोडता येतात. शेवटच्या अबामेक्टिनला मात्र किमान दोन आठवडे होऊ द्या. लॅम्डाचा काळही आता सरत आलाय.

साधं कोळीनाशकच लागलं तर हेक्झिथायाझॉक्स आणि बायफेनाझेट हे दोन घटक परभक्षी कोळ्यांना तुलनेने सौम्य आहेत. मारायचं की नाही हे पिकावरच्या नोंदणीवर आणि काढणीच्या कालावधीवर ठरेल, त्यासाठी कृषी विद्यापीठाची चालू शिफारस बघा. माझ्या शब्दावर मारू नका.

कुठे मिळतील? ट्रायकोकार्ड किंवा क्रायसोपर्लाची अंडी, म्हणजे दुसरे मित्रकीटक, जशी सहज मिळतात तसे परभक्षी कोळी आपल्याकडे दुकानात मिळत नाहीत. बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग आणि बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र इथे चौकशी करा, कोणाकडे साठा किंवा मार्गदर्शन आहे ते तिथून कळेल. कोणाकडूनही बाटली घेतली तरी ती उघडून थोडा भुसा पांढऱ्या कागदावर ओता. धावणारे जीव दिसले तरच पैसे द्या. हा जिवंत माल आहे, उन्हात गाडीच्या डिकीत तासभर राहिला तरी खराब होतो. आणला त्याच दिवशी संध्याकाळी सोडा. आणि बुरशीजन्य भुकटीला ‘मित्र’ म्हणून विकणारेही भेटतील. बुरशीची स्वतःची उपयुक्तता आहे, पण ती वेगळी गोष्ट.

यापेक्षा मला घरी वाढवण्याचा मार्ग जास्त आवडतो. स्ट्रॉबेरीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ट्रेमध्ये किंवा कुंड्यांत घेवडा लावा. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा उत्तम चालतो, बी सहज मिळतं. दोन मोठी पानं आली की त्यावर लाल कोळी असलेली पानं ठेवा. आठवड्याभरात कोळी भरला की, जिथे वर्षभर काही फवारलेलं नाही अशा परसातल्या वांग्याची, एरंडाची, तुतीची किंवा घेवड्याची पानं भिंगाने बघा आणि धावणारे परभक्षी असलेली पानं त्या रोपांवर टाका. हवामानाप्रमाणे दहा ते पंधरा दिवसांत चित्र पालटतं, जाळी विरळ होते आणि परभक्षी जिकडेतिकडे दिसतात. तीच पानं कापून स्ट्रॉबेरीच्या प्रादुर्भावाच्या जागी रोपांवर ठेवायची. घाई केली तर मित्रांबरोबर लाल कोळीही नेऊन सोडाल, म्हणून भिंगाखाली परभक्षी स्पष्ट जास्त दिसेपर्यंत थांबा. सोडल्यावर रस्त्याच्या कडेला पाणी मारून धूळ बसवा, झाडांना पाण्याचा ताण पडू देऊ नका. आणि यापुढे जुनी पानं काढताना त्यावर परभक्षी असतील तर ती दोन दिवस वाफ्यातच रोपांखाली राहू द्या, म्हणजे ते वर चढतील.

फवारणी कायमची बंद होईल का, याचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं आहे. भुरी येईल, फळकुज येईल, फुलकिडे येतील. बंद होईल ती कोळीनाशकांची साखळी, आणि तीसुद्धा बाकीची औषधं परभक्ष्यांना सांभाळून निवडली तरच. इथे द्राक्षवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण तासगाव भागातून असेच प्रश्न येतात. युरोपातल्या द्राक्षबागांत टिफ्लोड्रोमस पायरी नावाचा परभक्षी कोळी लाल कोळ्याला धाकात ठेवतो. तिथे तो टिकला तो त्याला घातक औषधं कमी केल्यावर, आणि त्या घातक औषधांत डाऊनी या बुरशीरोगासाठीचं मॅन्कोझेबही होतं. ते तर बुरशीनाशक आहे! आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर ते किती वेळा जातं याचा विचार करा. गंधकाचेही वारंवार फवारे परभक्ष्यांना सोसत नाहीत. म्हणून वही फक्त कीटकनाशकांची ठेवून भागत नाही.

दुसरी अपेक्षा असते कोळी शून्य होण्याची. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात हफेकर या शास्त्रज्ञांनी ट्रेवर संत्री आणि रबरी चेंडू मांडून कोळी आणि त्याचा परभक्षी एकत्र सोडले. साध्या मांडणीत परभक्ष्याने सगळे कोळी शोधून खाल्ले आणि मग स्वतः उपाशी मेला. व्हॅसलिनचे अडथळे घालून, कोळ्यांना निसटायला छोट्या काड्या उभारून मांडणी गुंतागुंतीची केली, तेव्हा दोघेही बराच काळ एकमेकांच्या मागे-पुढे टिकून राहिले. आपल्या रानालाही हे लागू पडतं. भिंगाखाली इकडे-तिकडे दोन-चार कोळी दिसले तर घाबरू नका, त्यांच्यावरच परभक्षी जगतोय. ते संपवायला गेलात तर मार्चमध्ये नवी झुंड येईल तेव्हा राखणदार नसेल.

या हंगामात तुमचं थोडं नुकसान होईलच, ते पूर्ण टळेल असं म्हणत नाही. खरा फायदा पुढच्या लागवडीला मिळेल. रनर, म्हणजे लागवडीची रोपं, घेताना रोपवाटिकेतच पान उलटून बघा, बहुतेक कोळी रोपाबरोबर रानात येतो. बांधावर चार एरंड आणि थोडा मका ठेवा, त्यांच्या परागकणांवर परभक्षी तग धरतात. एरंडावर लाल कोळीही बसतो, म्हणून त्याकडे आठवड्याला एक नजर टाका. ऑक्टोबरअखेरपासून दर आठवड्याला पन्नास पानं मोजा आणि पहिला कोळी दिसला की घेवड्याच्या ट्रे भरायला घ्या, जानेवारीची वाट बघू नका. डिसेंबरात फुलकिडे आले तर लॅम्डाकडे हात जाण्याआधी निळे चिकट सापळे लावा, फुलं झटकून किडे मोजा, आणि मगच काही मारायचं का ते ठरवा.

पानं बघून झाली की इथेच लिहा, पन्नासपैकी किती पानांवर कोळी आणि किती पानांवर धावणारे. जमलं तर भिंगातून काढलेला फोटोही टाका. त्यावरून तेल मारायचं की थांबायचं ते नक्की सांगता येईल.